किडनी बसवल्यानंतरची वर्षं : घरच्या वहीपासून बायॉप्सीपर्यंत

ऑपरेशन झालं, टाके निघाले, स्टेंट काढला, पहिले तीन महिने मास्क लावून पार पडले, की घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. डायलिसिसच्या फेऱ्या थांबलेल्या असतात, पाणी मोजून प्यायचं संपलेलं असतं. त्या आनंदात पुढच्या तपासण्या हळूहळू मागे पडायला लागतात. धोका तिथेच आहे.

प्रत्यारोपणात सर्जन किडनीची रोहिणी, नीला आणि मूत्रवाहिनी जोडतात. मज्जातंतू जोडले जात नाहीत, त्यामुळे बसवलेली किडनी सहसा दुखत नाही. आत रिजेक्शन, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीचा नव्या किडनीवर हल्ला, सुरू झालेलं असतं आणि माणूस मात्र जेवतो, कामावर जातो, लग्नाकार्यात मिरवतो. पाय सुजेपर्यंत किंवा लघवी कमी होईपर्यंत थांबलं, तर बरंचसं नुकसान होऊन गेलेलं असतं. म्हणून मोजायचं. काय मोजायचं, कधी मोजायचं आणि आकडा हलला तर काय करायचं, हे नुकत्याच प्रत्यारोपण झालेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, स्वतः प्रत्यारोपण झालेली पेशंट आहे. तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टनी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनी, वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

पहिली पायरी : आपली बेसलाइन ठरवून घ्या

क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला, किडनीनं गाळून बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ. साधारण तीन ते सहा महिन्यांत त्याचा आकडा एका ठिकाणी स्थिरावतो, तीच बेसलाइन. कुणाचं ०.९, कुणाचं १.२, कुणाचं १.६. देणाऱ्याचं वय, किडनीचा आकार, घेणाऱ्याचं शरीर यांवर ते अवलंबून असतं. ओपीडीत डॉक्टरांना स्पष्ट विचारा, 'माझी बेसलाइन किती धरायची?' आणि तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा. शेजारच्या पेशंटच्या आकड्याशी तुलना करू नका, त्यातून नुसती झोप उडते.

लॅबच्या रिपोर्टवर छापलेली 'नॉर्मल' मर्यादा तुमच्यासाठी नाही. ज्याची बेसलाइन ०.८ आहे त्याचं क्रिएटिनिन १.१ झालं तर रिपोर्टवर काहीही ठळक होऊन येत नाही, आणि प्रत्यक्षात ती तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढ असते. उलट ज्याची बेसलाइन १.५ आहे त्याच्या प्रत्येक रिपोर्टवर लाल खूण येते आणि त्याची किडनी वर्षानुवर्षं व्यवस्थित चालते. ढोबळ हिशोब असा की बेसलाइनपेक्षा २० ते २५ टक्के वाढ दिसली तर पुढच्या ओपीडीची वाट न बघता फोन करायचा. १.२ चं १.५ झालं तर ती २५ टक्के वाढ आहे.

दुसरी फसगत सावकाश वाढीची. १.१, मग १.२, पुन्हा १.२, मग १.३, मग १.४. प्रत्येक रिपोर्ट मागच्या रिपोर्टशी ताडून पाहिला तर फरक किरकोळ वाटतो. पहिल्या पानावरच्या आकड्याशी ताडला की डोळे उघडतात. म्हणून सगळे आकडे एकाच पानावर तारखेसह एकाखाली एक लिहा. वेगवेगळ्या रिपोर्टांच्या गठ्ठ्यात ही चढण दिसत नाही.

क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, त्यामुळे तोच आकडा सगळ्यांसाठी सारखा नसतो. ४५ वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.३ असेल तर २०२१ च्या सूत्राप्रमाणे ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज, साधारण ६९ येतो, त्याच वयाच्या बाईचा साधारण ५२. अंगानं बारीक असलेल्या बायकांनी ईजीएफआरही लिहून ठेवावा. शक्यतो एकाच लॅबमध्ये जा. आदल्या रात्री भरपूर मटण, दिवसभर पाणी कमी, जिमवाल्यांची क्रिएटिन पावडर, यांनीही आकडा वर जातो. सुरुवातीचे काही महिने न्यूमोनिया टाळायला सेप्ट्रान देतात, तिच्यातल्या ट्रायमेथोप्रिमनं किडनीला इजा न होताही क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं. म्हणून एका रिपोर्टवर घाबरायचं नाही, पण दोन-तीन दिवसांत तपासणी पुन्हा करायचीच.

दुसरी पायरी : घरची वही

रोज सकाळी लघवी करून आल्यावर, खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते जेवणाचं वजन नसतं, अंगात पाणी साठत असतं.

रक्तदाब घरच्या दंडावरच्या मशीननं, सकाळ-संध्याकाळ. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, चहा किंवा जिना झाल्या झाल्या मोजायचं नाही. डायलिसिससाठी केलेल्या फिस्टुलाच्या हातावर पट्टा कधीच बांधायचा नाही, फिस्टुला बंद पडला आहे असं वाटत असलं तरी. प्रत्यारोपण झालेल्यांसाठी साधारण लक्ष्य १३०/८० च्या खाली राहण्याचं असतं. इतके दिवस ताब्यात असलेला रक्तदाब अचानक गोळ्यांना जुमानेनासा झाला तर तीही किडनीची तक्रार समजा. कधी कधी नव्या किडनीची रोहिणी जोडाच्या जागी अरुंद होते आणि पहिली खूण हीच असते.

ताप थर्मामीटरनं मोजा, हात लावून नाही. १००.४ फॅरनहाइट म्हणजे लगेच फोन. स्टेरॉइड चालू असताना ताप दबून राहतो, तेव्हा ९९.५ आणि अंगात कणकण एवढंही दोन दिवस राहिलं तरी सांगा. क्रोसिन घेऊन झोपून जाणं ही आपली घराघरातली सवय आहे, ती इथे मोडावी लागते.

तिसरी पायरी : तपासण्यांचं वेळापत्रक

केडिगो या आंतरराष्ट्रीय गटाच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत क्रिएटिनिनचा क्रम असा दिला आहे : घरी आल्यावर पहिला महिना आठवड्यातून दोन-तीनदा, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात आठवड्याला एकदा, चौथ्या ते सहाव्या महिन्यात पंधरवड्याला, सातव्या ते बाराव्या महिन्यात महिन्याला, आणि त्यानंतर कायम दोन-तीन महिन्यांतून एकदा. तुमचं हॉस्पिटल यात थोडा फेरफार करेल. 'कायम' हा शब्द मात्र कुणी खोडत नाही. पाच वर्षं झाली, दहा झाली, सगळं छान आहे, तरी तीन महिन्यांच्या पलीकडे तपासणी ढकलू नका.

क्रिएटिनिनसोबत हिमोग्राम, पोटॅशियम, साखर आणि लघवी बहुतेक वेळा होतेच. रिजेक्शन रोखणारं टॅक्रो (टॅक्रोलिमस) आणि स्टेरॉइड मिळून साखर वाढवतात. ऑपरेशनपूर्वी मधुमेह नसलेल्यांनाही तो नंतर होऊ शकतो, म्हणून पहिलं वर्षभर साखरेवर बारीक लक्ष लागतं. हिमोग्लोबिन वाढलं की आपण खूश होतो, पण ते १७ च्या वर गेलं तर रक्त दाट होऊन गुठळीचा धोका असतो. तेही दाखवायचं.

चौथी पायरी : टॅक्रोची लेव्हल नीट द्या

बहुतेकांना टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन (हेच ते स्टेरॉइड) अशी तीन औषधं असतात. टॅक्रोची योग्य मात्रा आणि जास्त मात्रा यांत अंतर फार थोडं आहे. कमी पडली तर रिजेक्शन, जास्त झाली तर तेच औषध किडनीला इजा करतं. म्हणून रक्तातली लेव्हल बघून डोस ठरतो. पहिल्या काही महिन्यांत ती जास्त ठेवतात, पुढे बऱ्याच जणांची ५ ते ८ नॅनोग्रॅमच्या आसपास असते. तुमचं लक्ष्य किती, हेही पहिल्या पानावर लिहून घ्या.

लेव्हलसाठी रक्त द्यायचं ते आदल्या डोसनंतर बारा तासांनी आणि सकाळचा डोस घेण्याआधी. रात्री नऊला घेतली असेल तर सकाळी नऊच्या सुमारास. दिवसातून एकदाच घ्यायची लांब चालणारी गोळी असेल तर चोवीस तासांनी. कॅप्सूल खिशात घेऊन जा, रक्त दिल्यावर तिथेच घ्या. सवयीनं घरून गोळी घेऊन निघालात तर त्या दिवशी लेव्हल देऊ नका. खोटा आकडा मोठा येतो, डोस कमी केला जातो आणि पुढचे काही आठवडे किडनी कमी औषधावर राहते. शेवटचा डोस किती वाजता घेतला हे रिपोर्टवर स्वतःच्या हातानं लिहून ठेवा, डॉक्टर तो प्रश्न विचारतातच.

लेव्हल वर-खाली करणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. बुरशीवरची फ्लुकोनॅझोल, घशासाठी सर्रास दिली जाणारी क्लॅरिथ्रोमायसिन, रक्तदाबाची डिल्टियाझेम या लेव्हल वाढवतात. फिटच्या जुन्या गोळ्या, फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन, ती पाडतात. आपल्या भागात सगळ्यांत महत्त्वाची म्हणजे क्षयरोगाची रिफाम्पिसिन. ती सुरू झाली की टॅक्रोची लेव्हल जोरात खाली येते आणि काही दिवसांत रिजेक्शनची वेळ येऊ शकते. प्रत्यारोपण झालेल्यांना टीबी होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, तेव्हा ही गोष्ट कुणाच्याही वाट्याला येऊ शकते. टीबीचं निदान झालं तर उपचार घ्यायचेच, पण पहिली गोळी तोंडात टाकण्याआधी छातीचे डॉक्टर आणि नेफ्रॉलॉजिस्ट यांचं बोलणं झालेलं असलं पाहिजे.

जुलाब लागले की लेव्हल वाढते. एकीकडे अंगातलं पाणी जातं, दुसरीकडे औषध जास्त चढतं, आणि क्रिएटिनिन दोन्हीकडून वर ढकललं जातं. दिवसभर जुलाब राहिले तर तपासणी त्याच आठवड्यात करा. फळांत ग्रेपफ्रूट आणि पपनस वर्ज्य. गणपतीच्या दिवसांत बाजारात पपनस येतात आणि पाहुणे प्रेमानं सोलून पुढे करतात. साधं संत्रं, मोसंबी चालतं, पपनस नको.

ब्रँड स्वतःहून बदलू नका. दुकानदार 'तेच आहे, दुसऱ्या कंपनीचं' म्हणेल. बदलावाच लागला तर डॉक्टरांना सांगून, आणि आठवडाभरात लेव्हल करून. पैशांची ओढाताण असेल तर एक गोळी कमी करून महिना ढकलण्यापेक्षा ओपीडीत उघड बोला. हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटरला आणि मेडिकल सोशल वर्करला मदत करणाऱ्या ट्रस्टांची माहिती असते, स्वस्त पर्याय डॉक्टर नीट बसवून देऊ शकतात. उशिरा होणाऱ्या रिजेक्शनमागे चुकलेले डोस हे फार मोठं कारण आहे. प्रेडनिसोलोन तर एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं.

पाचवी पायरी : लघवीतली प्रथिनं

या तपासणीकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं, आणि मला ती क्रिएटिनिनच्या बरोबरीची वाटते. क्रिएटिनिन जागचं हललेलं नसतानाही किडनीची चाळणी बिघडायला लागली तर प्रथिनं आधी झिरपतात. मूळ आजार, उदाहरणार्थ एफएसजीएस किंवा आयजीए नेफ्रोपथी, नव्या किडनीत परत आला तरी सुरुवात बऱ्याचदा इथूनच होते.

लघवीतल्या प्रथिनांचं क्रिएटिनिनशी गुणोत्तर, म्हणजे यूपीसीआर, करायला सांगा. सकाळची पहिली लघवी, मधल्या धारेची. ०.२ च्या खाली असेल तर समाधान. ०.५ च्या वर आणि पुन्हा केल्यावरही तेवढंच, तर कारण शोधावं लागतं. ताप असताना, जोराच्या व्यायामानंतर किंवा पाळी चालू असताना नमुना देऊ नका. पहिल्या महिन्यात एकदा, मग पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि पुढे वर्षाला एकदा, एवढं किमान आहे. तीन महिन्यांनी रक्त द्यायला जातोच, तेव्हा लघवीही द्यावी असं माझं मत.

सहावी पायरी : दुकानातलं आणि घरातलं औषध

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक या वेदनाशामक गोळ्या नकोत. गुडघा दुखो, दाढ दुखो. डेंटिस्टकडे बसल्यावर पहिलं वाक्य 'माझं किडनी ट्रान्सप्लांट झालं आहे' हे असू दे. युरिक ॲसिड वाढलं म्हणून ॲलोप्युरिनॉल किंवा फेब्युक्सोस्टॅट दिलं आणि तुम्हाला आधीपासून ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल, तर पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरतात.

घरगुती उपायांबद्दल वाईटपणा घेऊन सांगते. गुळवेलीचा काढा, अश्वगंधा, 'इम्युनिटी' वाढवणारी चूर्णं देणाऱ्यांची माया खरी असते. पण आपण रोज तीन औषधं घेतो ती प्रतिकारशक्ती आवरून धरायला. ती उठवणारं काही घेणं म्हणजे किडनीवर हल्ला करायला मोकळीक देणं. भस्मांमध्ये शिसं, पारा असू शकतो. कमरख आणि बिलिंबी, म्हणजे कोकण-गोव्यातलं बिंबल, यांचा रस तर घेऊच नका, त्यातल्या ऑक्झलेटनं चांगल्या किडन्याही निकामी झाल्या आहेत.

उपवास विचारूनच. पाणी पिऊन, गोळ्या वेळेवर घेऊन एकादशी करणं बऱ्याच जणांना जमतं. निर्जळी हरतालिका किंवा निर्जळी एकादशी मात्र सोडा, वैशाखातल्या उन्हात पाणी तोडणं तर मुळीच नको. पावसाळ्यात उकळलेलं पाणी, ताजं शिजवलेलं अन्न, साचलेल्या पाण्यात अनवाणी पाय घालायचा नाही. लेप्टो आणि डेंग्यू दोन्ही आपल्याला जड जातात.

सातवी पायरी : आकडा हलला तर

आधी सोप्या गोष्टी तपासल्या जातात : पाणी कमी झालं का, जुलाब, नवं औषध, टॅक्रोची लेव्हल, लघवीतला जंतुसंसर्ग. मग सोनोग्राफी आणि डॉपलर. मूत्रवाहिनीत अडथळा आहे का, वयस्कर पुरुषांत प्रोस्टेटमुळे लघवी तुंबते का, रक्तपुरवठा नीट आहे का, हे त्यातून कळतं. बीके व्हायरस आहे का, यासाठी पीसीआर तपासणी होते. हा विषाणू बहुतेक मोठ्या माणसांच्या शरीरात निजलेला असतो, प्रतिकारशक्ती फार दबली की जागा होऊन नव्या किडनीला इजा करतो. त्याची लक्षणं जवळपास नसतातच, म्हणून पहिल्या वर्षभरात तरी ही तपासणी ठरलेल्या अंतरानं करतात. देणाऱ्याच्या पेशींविरुद्ध तुमच्या रक्तात अँटिबॉडी तयार झाल्या आहेत का, त्यासाठी डीएसए.

एवढं करूनही कारण सापडलं नाही, तर बायॉप्सी. तिच्या नावानं लोक घाबरतात आणि पंधरा दिवस पुढे ढकलतात. ती का लागते हे समजून घ्या. रिजेक्शन असेल तर प्रतिकारशक्ती आणखी दाबावी लागते. बीके असेल तर तीच औषधं कमी करावी लागतात. दोन्हींत क्रिएटिनिन सारखंच वाढतं आणि उपचार एकमेकांच्या अगदी विरुद्ध. अंदाजानं स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली आणि निघाला बीके, तर किडनीचं जास्तच नुकसान.

नवी किडनी ओटीपोटात एका बाजूला, कातडीखाली जवळच असते, त्यामुळे सुई तिथवर सहज पोचते. जागा बधिर करतात, सोनोग्राफीवर बघत बारीक तुकडा घेतात, मग काही तास उताणं पडून राहायचं. एखाद-दुसऱ्या लघवीत लालसर रंग येऊ शकतो, गुठळ्या आल्या किंवा लघवी अडली तर लगेच सांगायचं. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ते आधी कळवायचं. तुकडा बघणारे पॅथॉलॉजिस्ट 'बॅन्फ' वर्गीकरणाप्रमाणे अहवाल देतात. कॅनडातल्या बॅन्फ गावी १९९१ साली झालेल्या बैठकीतून ते निघालं, म्हणून हे नाव. अहवालात पेशींमुळे झालेलं रिजेक्शन आहे की अँटिबॉडीमुळे झालेलं, हे विचारून घ्या. पहिलं लवकर सापडलं तर बहुतेक वेळा स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनी आवरतं. दुसरं चिवट असतं, प्लाझ्मा बदलण्यासारखे महागडे उपचार लागतात. वहीचं एवढं महत्त्व सांगते ते यासाठीच.

वर्षातून एकदा

किडनी उत्तम चालू असताना दगावणाऱ्यांमध्ये हृदयविकार हे प्रमुख कारण आहे. कोलेस्टेरॉल, ईसीजी, गरज असल्यास टूडी इको. तंबाखू, मिशरी, सिगारेट बंद. स्टेरॉइडमुळे हाडं विरतात आणि मोतीबिंदू लवकर येतो, तेव्हा व्हिटॅमिन डी, हाडांची घनता आणि डोळे. बायकांनी गर्भाशयमुखाची पॅप आणि स्तनांची तपासणी चुकवू नये. मान, काख, जांघेत न दुखणारी गाठ किंवा कातडीवर न भरणारी जखम दाखवायची. फ्लूची लस दरवर्षी इंजेक्शननं. जिवंत विषाणूंच्या लशी आपल्याला चालत नाहीत. मूल हवं असेल तर किमान एक वर्ष थांबून, डॉक्टरांशी ठरवून. मायकोफेनोलेट गर्भाला घातक आहे, ते दिवस राहण्याच्या निदान सहा आठवडे आधी बदलावं लागतं.

ज्यांनी किडनी दिली त्यांचीही वर्षाला तपासणी असते : रक्तदाब, क्रिएटिनिन, लघवीतली प्रथिनं. आपल्याकडे जिवंत दात्यांत बायका जास्त, आई नाहीतर बायको, आणि 'मला काय धाड भरलीय' म्हणून त्या टाळतात. स्वतःची अपॉइंटमेंट घेताना त्यांचीही घ्या. माझ्या आईचं रक्त माझ्याबरोबर त्याच दिवशी जातं, त्याशिवाय ती हलत नाही.

फाइल

गाव बदललं, डॉक्टर बदलले, रात्री भलत्याच हॉस्पिटलात जावं लागलं, तरी तीन कागद हाताशी हवेत : डिस्चार्ज समरी, चालू औषधांची डोसासह यादी आणि आकड्यांचं ते एक पान. तिन्हींचे फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. प्रवासात गोळ्या हातातल्या पिशवीत, डिकीत किंवा सामानाच्या बॅगेत नाही, आणि लागतील त्यापेक्षा आठवडाभराच्या जास्त. को-ऑर्डिनेटरचा नंबर त्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात लिहा.